पाचशे सेट की पाचशे नग?

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची अधिकृत नावे बदलली आणि बेळगाव कागदोपत्री बेळगावी झाले. सीमाभागात नावाचा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे हे वेगळे सांगायला नको. त्या वादात शिरण्याचा या लेखाचा हेतू नाही. पण त्या दिवसानंतर बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या संगणकांत एक मजेशीर गोष्ट घडू लागली. ग्राहकांच्या यादीत एकच दुकान कुठे गावाच्या जुन्या स्पेलिंगने, कुठे नव्या स्पेलिंगने, तर कुठे टंकलेखकाच्या मर्जीने तिसऱ्याच रूपात नोंदले गेले. माणसाला ही तिन्ही नावे एकाच गावाची वाटतात. अक्षरास अक्षर जुळवून पाहणाऱ्या संगणकाला मात्र ती तीन गावे वाटतात, आणि तो तिन्हींची खाती वेगळी ठेवतो. गंमत अशी की बेळगावच्या सांबरा विमानतळाचा ‘आयएक्सजी’ हा तीन अक्षरी संकेत त्या दिवशी बदलला नाही, पिन कोडही बदलला नाही. नाव माणसांसाठी असते आणि संकेत यंत्रांसाठी. व्यापारी कागदपत्रांची इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाण समजून घ्यायची असेल, तर हा भेद आधी लक्षात घ्यावा लागतो.

कच्च्या मालापासून ग्राहकाच्या हातातील वस्तूपर्यंत जी साखळी असते, तिला पुरवठा साखळी म्हणतात. आपल्या भागातील नेहमीचे उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील एखाद्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, व्हॉल्व्हचे कास्टिंग ओतले जाते, बेळगावजवळच्या मच्छे येथील छोट्या वर्कशॉपमध्ये त्याचे मशिनिंग होते, उद्यमबागेतील हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात त्याचा पूर्ण व्हॉल्व्ह बनतो आणि तो पुण्याकडे एखाद्या ट्रॅक्टरला किंवा खोदाई यंत्राला बसतो. माल एका दिशेने जातो, पैसा उलट दिशेने येतो आणि माहिती दोन्ही दिशांनी वाहते. मालाची वाट सर्वांना दिसते. माहितीची वाट कुठे अडली हे मात्र नुकसान झाल्यावरच कळते.

उमेदवारीच्या काळात मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करीत असे. तेथे आलेल्या एका खरेदी आदेशात ‘५०० सेट’ असे लिहिलेले होते आणि एका सेटमध्ये दोन नग असत. आदेश फॅक्सने आला, तो आम्ही वहीत उतरवला, वहीतून जॉबकार्डावर उतरवला, आणि या दोन उताऱ्यांच्या मध्ये कुठेतरी ‘सेट’चे ‘नग’ झाले. पाचशे नग वेळेवर गेले, पार्टीची असेंब्ली निम्म्यावर थांबली आणि आमच्या नावे डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वजावट, आली. चूक कोणी केली याचा शोध पुढे बरेच दिवस चालला. आज विचार केला तर दोष एका माणसाचा वाटत नाही. तीच माहिती तीन वेळा हाताने लिहिली जात होती, आणि प्रत्येक वेळी ती बिघडण्याची संधी होती.

एका कंपनीच्या संगणकातील माहिती, मध्ये कोणीही ती पुन्हा न लिहिता, दुसऱ्या कंपनीच्या संगणकात थेट उतरावी, हा इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाणीचा मूळ विचार आहे. ईमेलने पाठवलेली पीडीएफ ही त्या अर्थाने देवाणघेवाण नव्हे, कारण ती वाचून पुन्हा कोणाला तरी टाइप करावी लागते. संगणकाला थेट कळायचे तर ‘मात्रा कुठे लिहायची, एकक कसे लिहायचे, तारीख कोणत्या क्रमाने लिहायची’ हे सर्व आधीच ठरलेले असावे लागते. ‘०५/०३’ ही आपल्याकडे ५ मार्च असते आणि अमेरिकेत ३ मे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तयार झालेल्या आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेल्या ‘एडिफॅक्ट’ या पद्धतीत म्हणूनच तारखेच्या शेजारी ती कोणत्या साच्यात लिहिली आहे याचाही संकेत द्यावा लागतो. मात्रेची ओळ देवनागरीत लिहायची तर साधारण ‘क्यूटीवाय+२१:५००:पीसीई’ अशी दिसते. ‘क्यूटीवाय’ म्हणजे ही मात्रेची ओळ आहे, ‘२१’ म्हणजे ही मागवलेली मात्रा आहे, ‘५००’ हा आकडा आणि ‘पीसीई’ म्हणजे नग. सेट हवा असेल तर शेवटचा संकेत वेगळा येतो. आमच्या वहीत जी गोष्ट हस्ताक्षराच्या भरवशावर होती, ती येथे ओळीचा भाग बनते.

या विचाराचा उगम कारखान्यात झाला नाही, तो टंचाईत झाला. जून १९४८ मध्ये सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग बंद केले, तेव्हा त्या शहराला अन्न आणि कोळसा विमानांनी पुरवावा लागला. सप्टेंबर १९४९ पर्यंत सुमारे २३ लाख टन माल असा उतरवला गेला. निरनिराळ्या देशांचे आणि निरनिराळ्या भाषांचे कागद प्रत्येक विमानासोबत येत असल्याने गोंधळ अटळ होता. अमेरिकी सैन्यातील एडवर्ड गिल्बर्ट यांनी तेव्हा मालाच्या यादीचा एकच ठरीव साचा तयार केला, जो टेलेक्सवरून किंवा दूरध्वनीवरूनही सांगता येईल. पुढे त्यांनी हाच विचार अमेरिकेच्या वाहतूक उद्योगात नेला आणि त्यातून या क्षेत्रातील पहिली मानके घडली. कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत चलने पाहणाऱ्या आपल्या भागातील स्टोअरकीपरला बर्लिनची ती अडचण समजायला वेळ लागू नये.

माहिती पाठवली म्हणजे ती पोहोचली असे होत नाही, म्हणून प्रत्येक संदेशाला पोच असते. समोरचा संगणक संदेश तपासतो, त्याची रचना बरोबर आहे की नाही ते पाहतो आणि तसे उलट कळवतो. संदेशाच्या शेवटी त्यात एकूण किती ओळी होत्या हा आकडाही दिलेला असतो. वाटेत एक जरी ओळ गळाली तरी हिशेब जुळत नाही. ही युक्ती आपल्याला परकी नाही. जुन्या हुंडीवर रक्कम लिहिताना तिची निम्मी रक्कम आणि त्या निम्म्याची दुप्पट असेही लिहिण्याची रीत होती, म्हणजे एका आकड्यात कोणी फेरफार केला तर दुसरा आकडा ओरडून सांगे. जीएसटी क्रमांकाच्या पंधरा अक्षरांतील शेवटचे अक्षर हेच काम करते. पहिले दोन अंक राज्याचे, कर्नाटकासाठी २९ आणि महाराष्ट्रासाठी २७. पुढील दहा अक्षरे पॅनची. आणि शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले. टाइप करताना एक अक्षर चुकले तर गणित जुळत नाही आणि संगणक क्रमांक नाकारतो.

सीमाभागात या सगळ्याला एक जास्तीची बाजू आहे. ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल हलवताना ई-वे बिल, म्हणजे सरकारी पोर्टलवर काढलेला वाहतुकीचा दाखला, लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. आंतरराज्य मालासाठी ही पद्धत १ एप्रिल २०१८ पासून लागू झाली, आणि राज्यांतर्गत मालासाठी ती त्याच दिवशी लागू करणारे कर्नाटक हे पहिले राज्य होते. परंतु जॉबवर्कसाठी, म्हणजे आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घेण्यासाठी, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल पाठवला, तर किमतीची ती मर्यादा उरत नाही. शिरोलीहून पुण्याला जाणारी पाच हजारांची कास्टिंग साध्या चलनावर जाऊ शकते. तीच कास्टिंग मशिनिंगसाठी राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून मच्छेला आली, तर ई-वे बिल हवेच. अंतर मात्र पुण्यापेक्षा निम्मे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपला प्रदेश नसावा, असे कधीकधी वाटते.

ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, ही याच वाटेवरची पुढची पायरी. १ ऑक्टोबर २०२० रोजी ती ५०० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींपर्यंत खाली आली. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिलाचा क्रमांक या चार गोष्टींवरून ६४ चिन्हांचा एक क्रमांक काढला जातो. बिल क्रमांकातील एक अंक बदला, आणि सगळी ६४ चिन्हे ओळखू न येण्याइतकी बदलतात. या क्रमांकात बिलाची रक्कम सामावलेली असते असा एक गैरसमज आहे. तशी ती नसते. हा क्रमांक बिल एकमेव असल्याची खात्री देतो. रक्कम बदललेली नाही याची खात्री क्यूआर कोडवरील डिजिटल सहीमुळे मिळते.

आता या साखळीतील सर्वांत रंजक दुखण्याकडे येऊ. अमेरिकेतील एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी ते १९६१ मध्ये मांडले. आसुडाची मूठ थोडी हलवली तरी टोक सपकन फिरते, तसे ग्राहकाकडील लहान बदल साखळीच्या मागच्या टोकाला प्रचंड होऊन पोहोचतात. समजा पुण्याला रोज १०० व्हॉल्व्ह लागतात आणि मागचे तिघेही पाच दिवसांचा, म्हणजे ५०० नगांचा साठा ठेवतात. एके दिवशी मागणी ११० झाली. उद्यमबागेचा कारखाना ११० नग देतो, त्याच्याकडे ३९० उरतात. नव्या हिशेबाने त्याला ५५० हवेत, म्हणून तो मच्छेकडे १६० मागतो. मच्छेच्या दृष्टीने रोजची मागणीच १६० झाली, म्हणजे साठा ८०० हवा. १६० देऊन ३४० उरले, म्हणून तो फौंड्रीकडे ४६० मागतो. याच हिशेबाने फौंड्रीला साठा २३०० चा हवा आणि हाताशी ४० उरलेले, म्हणजे तिने २२६० नग ओतायचे! पुण्यात दहा टक्क्यांनी वाढलेली मागणी भट्टीपर्यंत येता येता बावीसपट झाली. दुसऱ्या दिवशी सर्वांकडे माल जास्त, त्यामुळे भट्टीकडे मागणी शून्य.

येथे कोणीही मूर्खपणा केलेला नाही. प्रत्येकाने आपल्यासमोरच्या कागदाप्रमाणे शहाणपणाने वागून हे घडवले. पुण्याचा ११० हा मूळ आकडा तिघांनाही त्याच दिवशी दिसला असता, तर उद्यमबागेने १६०, मच्छेने २१० आणि फौंड्रीने २६० इतकेच केले असते. २२६० आणि २६० यांतील फरक फक्त माहितीचा आहे. लोखंड, कोळसा, वीज यांचे गणित दोन्हीकडे तेच.

प्रत्यक्षात तो आकडा भट्टीपर्यंत क्वचितच येतो. मोठी कंपनी आपले साप्ताहिक शेड्यूल संगणकाने पाठवते, ते उद्यमबागेत उतरते, आणि तेथून पुढे त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर मच्छेला जातो. काही कंपन्यांनी पुरवठादारांसाठी पोर्टल काढले आहे आणि तीच देवाणघेवाण असल्याचे त्या मानतात, पण पोर्टलवर माहिती भरणारा माणूस पुरवठादाराचाच असतो. चार कंपन्यांना माल देणाऱ्या वर्कशॉपमधील मुलगा सकाळी चार पोर्टल उघडतो, चार पासवर्ड घालतो, आणि एकाच कास्टिंगपासून बनलेल्या व्हॉल्व्ह बॉडीचे चार निरनिराळे पार्ट नंबर समोरच्या वहीत पाहून एकेक करून टाइप करतो.