सिंकखालच्या तीन नळ्या: गरम पाण्याची टाकी, फिल्टर आणि त्यांचा नळ

ओट्याखाली बसवायची दोन-अडीच लिटरची गरम पाण्याची टाकी असते ना, जिच्यामुळे चहाचं पाणी थेट नळातूनच येतं, तिचा बॉक्स उघडला की पहिला गोंधळ नळ्यांचा होतो. नळाला खालून तीन नळ्या. आणि अमेरिकन पद्धतीच्या आरओच्या नळालाही तीनच नळ्या असतात, त्यामुळे बरेच जण दोन्ही नळ एकच समजतात आणि इकडची नळी तिकडे लावून बसतात. पण त्या तीन आणि ह्या तीन वेगवेगळ्या कारणाने आल्यात.

आधी गरम पाणी. आपण ज्याला सर्रास गीझर म्हणतो तो शब्द लंडनहून आलाय. 1868 मध्ये बेंजामिन मॉन नावाच्या माणसाने गॅसवर पाणी तापवायचं यंत्र काढलं आणि आइसलंडच्या उकळत्या कारंज्यावरून त्याला गीझर नाव दिलं. वरून थंड पाणी सोडायचं, खालून गॅसच्या ज्योतीची गरम हवा, मधल्या तारांवरून पाणी तापत तापत खाली येणार आणि सरळ टबात पडणार. धूर बाहेर जायची सोयच नव्हती, म्हणजे घरात वापरायला धोकादायकच. पण एक गोष्ट त्यात होती, गरम पाण्याचं तोंड उघडं होतं.

हे उघडं तोंड फार महत्त्वाचं आहे. पाणी 20 अंशावरून 95 अंशावर गेलं की जवळजवळ 4 टक्के फुगतं. अडीच लिटरच्या टाकीत म्हणजे साधारण 100 मिली, अर्धा कप तरी होईल. ते जाणार कुठे? इंग्लंडमध्ये याला उत्तर म्हणजे माळ्यावरची टाकी. गरम पाण्याच्या सिलिंडरमधून एक पाइप वर न्यायचा आणि त्या टाकीवर उघडा सोडायचा. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे घरगुती गरम पाण्याची बंद सिस्टीम चालतच नव्हती. प्यायचं पाणी मात्र किचनच्या थंड नळाला थेट मेन लाइनवरून, कारण माळ्यावरच्या टाकीतलं पाणी प्यायचं नाही. मुंबई-पुण्यात अजूनही कितीतरी किचनमध्ये एक नळ म्युनिसिपालिटीच्या डायरेक्ट पाण्याचा आणि बाकीचे गच्चीवरच्या टाकीचे असतात, तोच विचार.

सिंकखालची छोटी टाकी याच उघड्या तोंडाच्या घराण्यातली. तिची चावी गरम पाण्यावर नसतेच, ती थंड पाण्यावर असते. एका नळीने थंड पाणी नळाच्या चावीपर्यंत येतं, चावी फिरवली की दुसऱ्या नळीने खाली टाकीत जातं, आणि तेवढंच गरम पाणी ढकललं जाऊन तिसऱ्या नळीने वर येऊन तोटीतून पडतं. तोटी कायम उघडी, म्हणून टाकीवर लाइनचं प्रेशर कधीच येत नाही आणि तिचा पत्रा पातळ असला तरी चालतो. तापताना तोटीतून थेंब थेंब गळतं ते फुगलेलं पाणी असतं, वायसर खराब झालेला नसतो. म्हणूनच माझं कळकळीचं सांगणं आहे की अशी टाकी साध्या नळाला जोडू नका. साधा नळ बंद केला की गरम बाजू बंद होते आणि टाकी फाटते. आपला भिंतीवरचा 3 लिटरचा गीझर वेगळा, तो प्रेशर सोसणारा असतो आणि त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो.

तिसरं घराणं हॉलंडचं. 1970 मध्ये युनिलिव्हरमध्ये इन्स्टंट सूपवर काम करताना हेन्री पेटेरी यांच्या डोक्यात आलं की सूप इन्स्टंट आहे मग उकळतं पाणी का नाही. त्यांनी नोकरी सोडली, पुढे मुलंही कामात आली, आणि त्यातून क्वूकर नावाचा उकळत्या पाण्याचा नळ तयार झाला. ही टाकी पूर्ण बंद, आत प्रेशरखाली 110 अंशाचं पाणी, भोवती थर्मासप्रमाणे निर्वात पोकळी. तिचा नळ खास तिच्यासाठीच बनवलेला, दुसरा कुठला चालत नाही.

आता फिल्टर. 1884 मध्ये पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या शार्ल शांबेरलाँ यांनी पोर्सेलिनच्या नळीतून पाणी गाळलं. आपल्या स्टीलच्या फिल्टरमधली कँडल त्याच कुळातली, तिला ना नळ लागतो ना प्रेशर. आरओ म्हटलं की प्रेशर आलंच, कारण त्यात पाणी एका बारीक पडद्यातून जोराने ढकलावं लागतं. प्रत्यक्ष वापरता येईल असा हा पडदा 1959 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी बनवला, आणि 1965 मध्ये कोलिंगा गावात त्यावर प्लांट चालू झाला. आरओ आला म्हणजे वेस्टचं पाणीही आलं, आणि ते थेट ड्रेनेजला जोडलं तर घाण उलटी वर ओढली जायची भीती. म्हणून अमेरिकेत वेस्ट आधी नळाच्या बुडाशी वर न्यायचं, तिथे हवेच्या फटीतून पाडायचं आणि मग ड्रेनेजला सोडायचं. एक नळी शुद्ध पाण्याची, दोन वेस्टच्या, झाल्या तीन. आपल्याकडे वेस्टची नळी सिंकमध्ये लोंबत सोडतात, तीही हवेची फटच आहे, फक्त तिचं टोक भरलेल्या बादलीत बुडू देऊ नका.

दोन्ही एकत्र जोडायची असतील तर फिल्टर कायम थंड बाजूला, अँगल कॉक आणि नळाची चावी यांच्या मध्ये. कार्बन फिल्टर साधारण 38 अंशापर्यंतच चालतात, आणि आधी गाळलेलं पाणी टाकीत गेलं तर गाळही साचत नाही. प्रेशर मात्र बघा. गच्चीवरची टाकी 3 मीटर वर असेल तर नळाला जेमतेम 0.3 बार (बार हे प्रेशरचं माप) मिळतो, आणि अशा बऱ्याच टाक्या दीड-पावणेदोन बार मागतात. वरच्या मजल्यावर राहत असाल तर टाकी घ्यायच्या आधी प्लंबरकडून प्रेशर मोजून घ्या, पंप लागणार का ते तेव्हाच कळेल.