पाक्सिनू, कातीना
(१७ डिसेंबर १९०० – २२ फेब्रुवारी १९७३). श्रेष्ठ ग्रीक रंगभूमी व चित्रपट अभिनेत्री. माहेरचे आडनाव कोन्स्तान्तोपूलू. जन्म अथेन्सजवळील पिरेअस या बंदराच्या शहरी. जिनीव्हा येथे तिने शास्त्रोक्त गायनाचे शिक्षण घेतले. दिमित्री मित्रोपूलोस या संगीतकाराच्या, बेल्जियन नाटककार माटरलिंकच्या नाटकावर आधारलेल्या ऑपेरातून ती १९२० मध्ये प्रथम रंगमंचावर आली. गद्य नाटकाकडे ती साधारणतः १९२८-२९ च्या सुमारास, मारिका कोतोपूली हिच्या नाटकमंडळीत वळली. ग्रीसच्या राष्ट्रीय रंगभूमीचे कार्य १९३२ मध्ये सुरू झाले, तेव्हा तिच्या पहिल्या नटसंचात ती होती. नट व दिग्दर्शक अलेक्सिस मिनोतीस हा तिचा दुसरा पती.

दिमित्रिस रोंदिरिस याने बसविलेल्या सॉफोक्लीझच्या इलेक्ट्रा मध्ये तिने नायिकेची भूमिका केली. एपिदाव्ह्रोस येथील प्राचीन प्रेक्षागारात १९३८ मध्ये या नाटकाचा प्रयोग झाला. तेथील आधुनिक नाट्यमहोत्सवाचा आरंभ याच प्रयोगापासून मानावा, असे काही अभ्यासक म्हणतात. मात्र १९३८ नंतर युद्ध व यादवीमुळे ही परंपरा खंडित झाली. १९५४ मध्ये रोंदिरिसने तेथे हिप्पोलितस सादर केले, तेही महोत्सवाची पूर्वतयारी म्हणूनच. रीतसर आरंभ १९५५ मध्ये मिनोतीसने बसविलेल्या यूरिपिडीझच्या हेक्यूबा ने झाला आणि शीर्षकभूमिका पाक्सिनूची होती. महोत्सव म्हणजे दरवर्षीची नियमित योजना, हा अर्थ घेतल्यास १९५५ हेच वर्ष अधिक ग्राह्य ठरते. दोन्ही मते मानणाऱ्यांना पाक्सिनूचे नाव टाळता येत नाही, हे मात्र खरे.

तिच्या शोकात्म अभिनयाचे मूळ गायनाच्या तालमीत शोधणे सयुक्तिक वाटते. श्वासावरील ताबा आणि मंद्र स्वरापासून आक्रोशापर्यंत सहज फिरणारा आवाज उघड्या प्रेक्षागारात विशेष उपयोगी पडे. तिला संगीतरचनाही अवगत होती. राष्ट्रीय रंगभूमीच्या १९३३ मधील ईडिपस राजा या प्रयोगाचे संगीत तिचेच होते.

इब्सेनच्या घोस्ट्स साठी १९४० मध्ये ती लंडनला होती. युद्धामुळे मायदेशी परतणे अशक्य झाल्यावर ती अमेरिकेत गेली. हेमिंग्वेच्या कादंबरीवरील फॉर हूम द बेल टोल्स (१९४३) या चित्रपटात तिने पिलार ही स्पॅनिश गनिमी टोळीतली करारी स्त्री रंगवली. या भूमिकेसाठी तिला सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. सहायक कलावंतांना तोवर केवळ स्मृतिफलक मिळे. पूर्ण आकाराची मूर्ती देण्यास १९४४ च्या या समारंभापासूनच सुरुवात झाली. मोर्निंग बिकम्स इलेक्ट्रा (१९४७) या ओनीलच्या नाटकावरील चित्रपटात ती इलेक्ट्राच्या नव्हे, तर ग्रीक पुराणकथेतील इलेक्ट्राची आई क्लायटेम्नेस्ट्रा हिच्याशी समांतर अशा आईच्या भूमिकेत होती. हॉलिवूडने एरवी तिला परदेशी स्त्रियांच्या ठरावीक भूमिकांतच अडकवले.

१९५० च्या सुमारास ती ग्रीसला परतली. इटालियन दिग्दर्शक व्हिस्कोंतीच्या रोक्को अँड हिज ब्रदर्स (१९६०) मध्ये तिने दक्षिण इटलीतून मिलानला आलेली विधवा आई साकारली. ग्रीसमधील लष्करी राजवटीत (१९६७–७४) तिने मिनोतीससह स्वतंत्र नाटकमंडळी चालवली. ब्रेख्तची मदर करेज ही तिच्या अखेरच्या भूमिकांपैकी एक. अथेन्स येथे कर्करोगाने ती निधन पावली.