बाळाच्या शूटिंगची परवानगी: अर्ज नेमका कुठे अडकतो

१४ वर्षांखालच्या मुलाला सिनेमा, मालिका किंवा जाहिरातीत घ्यायचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बाळ पाच महिन्यांचं आहे, साबणाच्या जाहिरातीत नुसतं हसायचं आहे, तरीही लागते. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत हे सगळं आलं.

अर्ज निर्मात्याने करायचा, आईवडिलांनी नाही. तरी कास्टिंग कोऑर्डिनेटर खुशाल पालकांनाच पिटाळतात, मग कडेवर बाळ आणि हातात फाइल घेऊन एखादी आई ठाण्यात कोर्ट नाक्यावरच्या कलेक्टर कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. तुमच्याकडून लागतं ते लेखी संमतीपत्र आणि मुलाची कागदपत्रं. ‘बालकलाकार कार्ड’ काढून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. या नियमांत असं कुठलंच कार्ड नाही.

सगळ्यात मोठा घोळ जिल्ह्याचा. परवानगी मूल राहतं तिथली नव्हे, शूटिंग होणार तिथली लागते. मूल ठाण्यातल्या नौपाड्यातलं आणि सेट वसईजवळच्या नायगावला, तर अर्ज पालघरला. फिल्मसिटीत असेल तर मुंबई उपनगर, म्हणजे वांद्रे. मीरा रोड मात्र ठाण्यातच. नवी मुंबईकरांनी तर लोकेशनचा पत्ता दोनदा वाचावा: वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर, कामोठे, उलवे रायगडात, म्हणजे थेट अलिबाग. पत्त्यात ‘नवी मुंबई’ आहे म्हणून ठाण्यात अर्ज टाकला की तो परत येणार. आणि तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात हे सांगायची घाई कुठल्याच कचेरीला नसते.

त्यानंतर बँक. मुलाच्या मानधनातले किमान २० टक्के थेट त्याच्या नावावरच्या मुदत ठेवीत जायला हवेत, तेही राष्ट्रीयीकृत बँकेत. आपल्याकडे घरोघरी सहकारी बँकेचं नाहीतर पतपेढीचं पासबुक. ते इथे चालत नाही, खासगी बँकही नाही. ‘आईच्या खात्यात घेऊ, नंतर टाकू’ हे तर नाहीच.

खातं उघडायला जन्मदाखला काढावा, तर त्यावर बाळाचं नावच नसतं! हॉस्पिटलातून नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नसतं आणि पुढे शाळेच्या प्रवेशापर्यंत तो कागद कोणी उघडत नाही. पहिल्या १२ महिन्यांत नाव फुकट चढतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. ते चढवायचं जन्माची नोंद जिथे आहे तिथेच. बाळंतपण माहेरी साताऱ्याला झालं असेल तर नेरुळच्या वॉर्ड ऑफिसात हेलपाटे घालू नका. पॅनही मुलाच्याच नावाचं काढून ठेवा, कारण त्याने स्वतःच्या कलेवर कमावलेलं उत्पन्न करासाठी आईवडिलांच्या उत्पन्नात धरत नाहीत.

बाकी निर्मात्याचं काम: फॉर्म सी मधलं हमीपत्र, मुलांची यादी, दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस आणि शाळा बुडू नये याची सोय.

हमीपत्राची मुदत सहा महिने. रोजची मालिका त्याहून लांबते आणि नवं हमीपत्र द्यायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. २७ दिवसांचा नियमही उलटा वाचला जातो. महिन्यात २७ दिवस काम करून घ्या असं तो सांगत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नको, एवढंच. दिवसाला पाच तास, त्यात विश्रांतीशिवाय तीन तासांवर नाही. पुढचा शॉट ‘फक्त दहा मिनिटांचा’ असला तरी.

रीलचं काय, हे हल्ली सगळेच विचारतात. आजीने मोबाइलवर नातवाचं रांगणं टिपलं तर कोणी परवानगी मागायला येत नाही. पण कंपनीने युनिट पाठवलं, कपडे दिले, पैसे ठरवले की ती जाहिरात झाली, आणि कायद्यात जाहिरातीचा उल्लेख स्पष्ट आहे. ‘अहो, साधी रीलच तर आहे’ म्हणणाऱ्या एजन्सीकडे परवानगीची प्रत मागा, आणि ती हातात पडेपर्यंत तारीख देऊ नका.