‘आज फायर बॅन नाही’ म्हणजे काडी ओढायची मोकळीक नव्हे

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मेलबर्नच्या बाहेर पाच-दहा एकर जमीन घेतलेली मराठी घरं आता पुष्कळ आहेत. दर वर्षी मार्च जवळ आला की त्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: “त्या दिवशी टोटल फायर बॅन नाहीये, मी बघितलं. मग शेतावर होळी पेटवायला काय हरकत आहे?” हरकत आहे. गेली काही वर्षं मी हे प्रत्येकाला वेगळं समजावत आलो. या वेळी एकदाच सविस्तर लिहितो, कारण चूक करणारी माणसं बेपर्वा नसतात. ती तपासून चुकतात. त्यांनी तपासलेली गोष्टच चुकीची असते.

घोळ दोन गोष्टींचा आहे. एक टोटल फायर बॅन, दुसरी फायर डेंजर पिरियड. आपल्याकडे दोन्हींना सरसकट ‘आगबंदी’ म्हणतात, आणि माझ्या मते अर्धं नुकसान या एका शब्दाने केलं आहे. मी पहिल्याला ‘बंदीचा दिवस’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘धोक्याचा हंगाम’. तुम्हीही तसंच म्हणा, निदान घरात तरी.

बंदीचा दिवस तुम्हाला ठाऊकच आहे. कंट्री फायर ऑथॉरिटी, म्हणजे सीएफए हे राज्याचं ग्रामीण अग्निशमन दल, बहुधा आदल्या दिवशी तो जाहीर करते आणि मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत तो लागू राहतो. रेडिओवर, बातम्यांत, फोनवरच्या विकइमर्जन्सी अ‍ॅपवर तो कळतो. त्या दिवशी उघड्यावर आग पेटवायची नाही आणि आधीची पेटती ठेवायची नाही. यावर जास्त लिहीत नाही.

धोक्याच्या हंगामाची मात्र कुणी आठवण करून देत नाही. तो एकदा जाहीर होतो आणि मग महिनोन्‌महिने नुसता लागू असतो. पाऊस किती झाला, गवत किती वाळलं हे पाहून सीएफए प्रत्येक कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, हद्दीसाठी त्याची तारीख ठरवते. वायव्येला मॅली भागात तो ऑक्टोबरातही सुरू होतो, दक्षिणेच्या ओल्या भागात डिसेंबर उजाडतो, आणि काही ठिकाणी तो मे महिन्याच्या तोंडापर्यंत चालतो. कुंपणापलीकडचा शेजारी दुसऱ्या कौन्सिलमध्ये असेल तर त्याची तारीख वेगळी असू शकते. मेलबर्न शहराच्या आतल्या भागात हा हंगाम लागूच नसतो. शहरात दहा वर्षं काढून जमिनीवर राहायला आलेल्या माणसाला त्याचं नावही माहीत नसतं, यात नवल नाही.

आता मुख्य मुद्दा. जमावबंदी आणि संचारबंदी यांतला फरक आपल्याला कळतो. शहरात आज संचारबंदी नाही म्हणून उद्या पाचशे माणसांचा मोर्चा काढता येतो का? जमावबंदी लागू असेल तर नाही. संचारबंदी उठली याचा अर्थ घराबाहेर पडता येतं, एवढाच. इथेही तसंच आहे. हंगाम सुरू झाला की उघड्यावर आग लावायची नाही हाच मूळ नियम होतो. ती लावायची तर एकतर हातात लेखी परवाना हवा, नाहीतर ती आग कायद्याने दिलेल्या छोट्या सवलतीत बसायला हवी. बंदीचा दिवस आला की तो परवानाही त्या दिवसापुरता निकामी होतो आणि ती सवलतही जाते. म्हणजे ‘आज बंदीचा दिवस नाही’ एवढ्याने तुम्हाला कसलीही परवानगी मिळालेली नसते. परवाना होता त्याला तो वापरता येतो, नव्हता त्याला तो आजही नाही.

परवाना कौन्सिलचा फायर प्रिव्हेन्शन ऑफिसर किंवा सीएफए देते. कुणी, कुठे, काय जाळायचं, सोबत किती माणसं आणि किती पाणी हवं, भोवती किती रुंद पट्टा मोकळा करायचा, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं आणि त्याला मुदत असते. मागितला की मिळतोच असं नाही. भर जानेवारीत पाचोळ्याच्या ढिगासाठी तो मागायला जाऊ नका, ढीग पावसाळी दिवसांपर्यंत थांबू शकतो.

सवलत आहे ती स्वयंपाकाच्या आणि उबेच्या छोट्या आगीपुरती. वारा ताशी 10 किलोमीटरपेक्षा जास्त नको. आग नीट बांधलेल्या चुलीत किंवा निदान 30 सेंटिमीटर खोल चरात हवी. तिचा पसारा एक चौरस मीटरच्या आत, भोवतीचं तीन मीटर पेट घेण्यासारखं काही नाही, विझवायला पाणी तयार आणि जाणता माणूस सतत शेजारी. निखाऱ्यावर वांगं भाजायचं असेल तर हंगामातही या अटी पाळून भाजता येतं. बंदीच्या दिवशी मात्र कोळशाची शेगडी, तंदूर, लाकडाचा पिझ्झा ओव्हन, सगळं बंद. गॅसचा किंवा विजेचा बार्बेक्यू त्या दिवशीही चालतो. तो घरापासून 20 मीटरच्या आत हवा, भोवती तीन मीटर मोकळं हवं, नळाला जोडलेला पाइप किंवा निदान 10 लिटर पाणी हवं आणि मोठं माणूस जवळ हवं. ‘बॅन आहे म्हणून गॅसही लावला नाही, पाहुणे उपाशी राहिले’ हेही मी ऐकलं आहे. तीही त्याच घोळाची दुसरी बाजू.

आणि होळी? फाल्गुनी पौर्णिमा मार्चमध्ये येते, क्वचित फेब्रुवारीच्या अखेरीला. इथे तेव्हा उन्हाळा नुकताच सरलेला असतो, गवत पिवळंजर्द असतं आणि हंगाम चालू असतो. एरंडाच्या जागी युकॅलिप्टसची फांदी उभी करून, भोवती गोवऱ्यांऐवजी लाकडं रचून जी होळी होते ती ना स्वयंपाकाची असते ना उबेची. तिला त्या सवलतीत ओढूनताणून बसवू नका. कौन्सिलच्या अधिकाऱ्याला महिनाभर आधी फोन करा, तो हो म्हणाला तर लेखी घ्या, नाही म्हणाला तर ऐका. कोकणात चैत्र-वैशाखात राब भाजताना पाहिलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं. पण तिथे राबानंतर पाऊस येणार असतो. इथे हंगामाच्या ऐन भरात उत्तरेकडून मध्य ऑस्ट्रेलियाचा तापलेला वारा येतो आणि वाळल्या गवतातला वणवा ताशी 25 किलोमीटर वेगाने पळू शकतो. त्यापुढे कुठलाही माणूस धावू शकत नाही.

जाणत्या माणसांचाही पाय घसरतो तो परवान्याच्या ढिगावर. समजा मंगळवारी परवान्यानुसार, सगळ्या अटी पाळून ढीग जाळला. त्यात दोन जाड खोडं होती. ज्वाळा संध्याकाळी गेल्या, पण खोडं आतून धुमसत राहिली. गुरुवार बंदीचा दिवस म्हणून जाहीर झाला. बुधवारच्या मध्यरात्रीपासून तुमच्या आवारात बेकायदा आग आहे, कारण ती पेटती ठेवणं हाही गुन्हाच. हंगाम सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात लावलेल्या ढिगाचंही तेच, हंगामाच्या पहिल्या दिवसाआधी तो पूर्ण विझलेला हवा. जाड लाकडाचा ढीग कित्येक दिवस, कधी आठवडे धुमसतो. म्हणून जाळण्याआधी पुढच्या चार दिवसांचा आगधोक्याचा अंदाज बघा, आणि नंतर राख उकरून, पाणी ओतून, हाताचा पंजा जवळ धरून खात्री करा. वरची पांढरी राख पाहून घरात जायचं नाही. मी याबाबत हट्टी आहे आणि राहणार.

वेल्डिंगचंही थोडक्यात सांगतो, कारण कुंपणाचं काम सगळ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीतच सुचतं. हंगामात उघड्यावर वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालवता येतो, पण ठिणग्या अडवणारा आडोसा, भोवती दीड मीटर साफ किंवा भिजवलेली जागा, पाणी आणि तापलेले तुकडे टाकायला धातूचं भांडं हवं. बंदीच्या दिवशी खास लेखी परवानगीशिवाय नाहीच.

शिक्षेच्या बाबतीतही दोन्ही वेगळे आहेत. हंगामात बेकायदा आग लावली तर मोठा दंड आणि एक वर्षापर्यंत कैद, बंदीच्या दिवशी ती दोन वर्षांपर्यंत.

हद्दीचा घोळ किरकोळ वाटतो, पण तो महाग पडतो. हंगाम कौन्सिलनुसार ठरतो, बंदीचा दिवस हवामानाच्या जिल्ह्यानुसार. व्हिक्टोरियात असे नऊ जिल्हे आहेत: मॅली, विमेरा, साउथ वेस्ट, नॉर्दर्न कंट्री, नॉर्थ सेंट्रल, सेंट्रल, नॉर्थ ईस्ट, वेस्ट अँड साउथ गिप्सलँड आणि ईस्ट गिप्सलँड. मेलबर्न सेंट्रलमध्ये येतं. नोकरी शहरात आणि जमीन किंगलेककडे असलेला माणूस सकाळी गाडीत सेंट्रलची बातमी ऐकतो, बंदी नाही म्हणून निश्चिंत होतो, आणि त्याची जमीन असते नॉर्थ सेंट्रलमध्ये.

रस्त्याकडेच्या अर्धगोल फलकावरचा काटा ही तिसरी गोष्ट. सप्टेंबर 2022 पासून देशभर त्यावर चारच पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटॅस्ट्रॉफिक. आग लागली तर ती किती भयंकर होईल, हे तो सांगतो. काय पेटवता येईल, हे सांगत नाही. काटा ‘मॉडरेट’वर आहे म्हणून ढीग पेटवणाऱ्याला परवाना दाखवावाच लागेल.

आणि हे सगळं फक्त आग लावण्याबद्दल झालं. जमिनीच्या मालकाची दुसरी जबाबदारी आग लागू नये आणि पसरू नये म्हणून जागा साफ ठेवण्याची, आणि तिचा बंदीच्या दिवसाशी काही संबंध नाही. 7 फेब्रुवारी 2009 ला, ब्लॅक सॅटरडेला, मेलबर्नमध्ये पारा 46.4 अंशांवर गेला होता. त्या दिवशी बंदी होतीच. तरी किलमोर ईस्टची आग विजेची तार तुटून लागली आणि एकट्या त्या आगीत 119 माणसं गेली. राज्यात मिळून 173. विजेच्या तारेला बंदी कळत नाही. त्या दिवशी उपयोगी पडतं ते आधी कापलेलं गवत आणि साफ केलेली पन्हळ.

म्हणून कौन्सिलची फायर प्रिव्हेन्शन नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नका. अमुक तारखेपर्यंत गवत कापा, बहुधा 10 सेंटिमीटरच्या खाली, असा तो हुकूम असतो. पाळला नाही तर कौन्सिल माणसं लावून काम करून घेते, खर्च तुमच्याकडून वसूल करते, शिवाय दंड. जमीन गुंतवणूक म्हणून घेऊन पुण्यात किंवा दुबईत राहणाऱ्यांनी कौन्सिलकडे आपला चालू पत्ता आहे ना, हे आजच बघावं. घराभोवती 10 मीटरांत झाडंझुडपं आणि 30 मीटरांत झाडं सोडून बाकी वनस्पती नियोजन-परवान्याशिवाय काढता येते, तो ‘10/30’ नियम मात्र हक्क आहे, हुकूम नव्हे. तो बहुतेक 2009 च्या सप्टेंबरआधीच्या घरांना लागतो, तेव्हा नवं घर असेल तर करवत लावण्याआधी कौन्सिलला विचारा.

आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. वर कौन्सिलचं नाव आणि या वर्षीच्या हंगामाची सुरुवात. खाली हवामान जिल्ह्याचं नाव आणि 1800 226 226, विकइमर्जन्सीची हॉटलाइन. हंगाम संपल्याचं जाहीर झालं की वरची तारीख खोडतो, आणि तरीही जाळण्याआधी कौन्सिलचे स्थानिक नियम बघून ते जाळणं नोंदवतो. नाहीतर धूर पाहून शेजारी 000 या आणीबाणीच्या नंबरला फोन करतात आणि स्वयंसेवक आपली कामं टाकून बंब घेऊन आमच्या फाटकाशी येतात.