उकळलेल्या दुधातही उरणारं विष

दूध उतू येईपर्यंत तापवलं की त्यातले जंतू मरतात, हा आपल्या घराघरातला विश्वास खरा आहे. क्षयाचे जंतू, जनावरांच्या सांसर्गिक गर्भपाताचे ब्रुसेला जिवाणू उकळीत टिकत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणूही मरतो. पण मरण्याआधी त्याने दुधात सोडलेलं विष 100 अंशांवर अर्धा तास उकळूनही पुरतं नष्ट होत नाही. ते पोटात गेलं की बहुतेकदा एक ते सहा तासांत मळमळ, जोराच्या उलट्या आणि पोटात कळा सुरू होतात. ताप सहसा नसतो, दिवसाभरात उतार पडतो, आणि ‘ऊन लागलं असेल’ म्हणून विषय तिथेच संपतो.

2000 साली जपानमध्ये ओसाका परिसरात 13 हजारांहून जास्त लोक असेच आजारी पडले. माग काढत तपास होक्काइडोतल्या दूध भुकटीच्या कारखान्यापर्यंत गेला. मार्चअखेरीस तिथे सुमारे तीन तास वीज गेली होती. तेवढ्या वेळात दूध कोमट राहिलं आणि जिवाणू वाढले. पुढे पाश्चरायझेशन झालं, भुकटी झाली, ती नव्या दुधात मिसळली गेली. जिवाणू केव्हाच मेले होते, विष तसंच होतं. सोलापूर जिल्ह्यात तीन तास वीज नसणं कुणाला नवीन नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो.

हा जिवाणू दुधात शिरतो तो बहुधा कासेतून. कासदाह म्हटलं की सुजलेली, दगडासारखी कास डोळ्यांसमोर येते. ते दूध कुणी डेअरीला घालत नाही. खरा घोळ सुप्त कासदाहाचा आहे. कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, म्हैस नेहमीसारखी रवंथ करतेय, फक्त दूध थोडं कमी झालंय, आणि सडातून जिवाणू मात्र रोज बाहेर पडतायत.

तो ओळखायची चाचणी गोठ्यातच होते. अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. चार वाट्यांत चार सडांचं दूध वेगवेगळं घ्या, प्रत्येकी दोन-तीन चमचे. पहिल्या दोन-तीन धारा आधी काळ्या फरशीच्या तुकड्यावर काढून गुठळ्या पाहा, त्या चाचणीत घेऊ नका. दुधाइतकंच पावडरचं पाणी वाटीत घालून वाटी अर्धा मिनिट गोल फिरवा. दूध पातळच राहिलं तर सड निरोगी. बुळबुळीत तार धरली किंवा मधोमध गोळा जमला तर सड बाधित. रोग लागला की कासेत पांढऱ्या पेशी धावून येतात. साबण त्या पेशी फोडतो, आतला डीएनए मोकळा होतो आणि त्याचीच ही चिकट जेली बनते. तपासलेलं दूध फेकून द्या. चीक असताना किंवा म्हैस आटत आली असताना पेशी एरवीही जास्त असतात, तेव्हा निकाल फसवा येतो.

बाधित म्हशीची धार सगळ्यात शेवटी काढा. अंगठा मुडपून सड ओढण्याची आपल्याकडची सवय वाईट आहे. त्याने सडाला आतून इजा होते आणि जिवाणूला घर मिळतं. धार पूर्ण मुठीने काढावी. नंतर प्रत्येक सड पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाच्या अर्धा टक्का द्रावणात बुडवावा. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-एक तास नीट मिटलेलं नसतं, म्हणून लगेच पुढ्यात कडबा टाकावा. म्हैस खात उभी राहते, शेणामुतात बसत नाही. हा जिवाणू कासेत खोलवर दडतो. दुभत्या दिवसांत औषधाने तो पुरता जाईलच असं नाही. म्हैस आटवताना, म्हणजे तिचं दूध बंद करताना, पशुवैद्यकाकडून सडात औषध भरून घेणं जास्त गुणकारी ठरतं.

एवढं करूनही थोडे जिवाणू दुधात येणारच. मिलिलिटरला साधारण एक लाख झाले की विषाची भीती सुरू होते. ताज्या दुधात एक हजार आहेत आणि उबेत दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं, तर सात वेळा दुप्पट, म्हणजे साडेतीन तासांत लाख पार. दुधातल्या इतर जिवाणूंमुळे हा वेग थोडा मंदावतो, पण त्यावर विसंबू नये. दहा अंशांखाली विष जवळजवळ तयारच होत नाही. म्हणून दूध दोन तासांत बल्क कूलरला, म्हणजे संकलन केंद्रातल्या दूध थंड करणाऱ्या मोठ्या टाकीत, पोचवून चार अंशांवर आणणं सगळ्यात चांगलं. गाडी उशिरा येणार असेल तर कॅन सावलीत हौदाच्या पाण्यात ठेवा, वरून ओलं पोतं गुंडाळा. सोलापूरच्या कोरड्या हवेत पोत्यातलं पाणी भराभर उडतं आणि कॅनची उष्णता घेऊन जातं. दूध चार अंशांवर येणार नाही, पण थोडी उसंत मिळते.

खवा आणि पेढ्यांचा धोका वेगळा आहे. दूध आटवताना जिवाणू मरतात, पण ते आपल्या नाकात आणि पिकलेल्या जखमेतही असतात, तिथून हाताने पुन्हा खव्यात येतात. खव्याचा कमी ओलावा आणि पेढ्यातली साखर इतर जंतूंना रोखते, याला तितकीशी रोखत नाही. त्यामुळे गरम खव्याचा मोठा गोळा झाकून ठेवला तर त्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथे याचं चांगलं फावतं. खवा उथळ परातीत बोटभर थरात पसरून निववावा. बोटाला पिकलेला चिरा असलेल्या माणसाने त्या दिवशी पेढे वळू नयेत, भट्टी सांभाळावी.