गोइटाइन, शलोमो डोव

(३ एप्रिल १९००–६ फेब्रुवारी १९८५). मध्ययुगीन ज्यू समाजजीवनाचे इतिहासकार आणि अरबीचे पंडित. कैरोच्या गेनिझातील, म्हणजे सिनेगॉगमधील (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातील) टाकाऊ कागदांच्या कोठीतील पत्रे, करारनामे आणि हिशेब वाचून त्यांनी अकराव्या ते तेराव्या शतकांतील भूमध्य सागराकाठच्या साध्या माणसांचा संसार उभा केला. हे काम त्यांनी हाती घेतले तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते.

त्यांचा जन्म जर्मनीत, बव्हेरियातील बुर्गकुन्श्टाट या लहान गावी, रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) घराण्यात झाला. घराणे मूळचे हंगेरीचे. फ्रँकफुर्ट आणि बर्लिन येथे त्यांचे शिक्षण झाले. अरबीचे विद्वान योझेफ होरोविट्स हे त्यांचे गुरू आणि कुराणातील प्रार्थना हा प्रबंधाचा विषय. १९२३ मध्ये ते पॅलेस्टाइनला गेले. ज्यू गूढवादाचे पुढे गाजलेले अभ्यासक गेर्शोम शोलेम त्याच बोटीवर होते. चार वर्षे हैफा येथे शाळामास्तरकी केल्यावर १९२८ मध्ये जेरूसलेमच्या हिब्रू विद्यापीठात त्यांची नेमणूक झाली. दरम्यान त्यांनी एक हिब्रू नाटकही लिहिले. १९३८ ते १९४८ या काळात ब्रिटिश अमलातील शिक्षण खात्यात ते अधिकारी होते.

या सगळ्यात पुढे खरे उपयोगी पडले ते येमेनी ज्यूंचे शेजार. येमेनहून जेरूसलेमला आलेल्या लोकांबरोबर बसून गोइटाइन यांनी त्यांची बोली, म्हणी आणि चालीरीती टिपून घेतल्या. म्हणींचा संग्रह १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४९ मध्ये येमेनमधील ज्यू इस्राएलला नेले जात होते, तेव्हा ते एडनलाही जाऊन आले. अरबी बोलणारा, धर्माने ज्यू असलेला कारागीर कसा बोलतो, घासाघीस कशी करतो, लेकीच्या लग्नाची काळजी कशी वाहतो, हे त्यांनी जित्याजागत्या माणसांकडून ऐकले होते. नऊशे वर्षांपूर्वीची पत्रे त्यांना इतक्या सहज उलगडली, त्याचे मर्म माझ्या मते ग्रंथालयापेक्षा येथे अधिक आहे.

गेनिझा म्हणजे टाकाऊ कागदांची कोठी. जीर्ण पोथी आपल्याकडे नदीत सोडतात. ज्यूंमध्ये ईश्वराचे नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, तो बाजूला ठेवून पुढे पुरायचा, अशी रीत आहे. जुन्या कैरोतील (फुस्तातमधील) बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये असे कागद शतकानुशतके साचत राहिले. तेथील लोकांनी हिब्रू अक्षरांतला कोणताच कागद फेकला नाही. भाषा अरबी आणि लिपी हिब्रू, अशी त्यांची लिहिण्याची पद्धत असल्यामुळे धर्मग्रंथांच्या पानांबरोबर उधारीच्या चिठ्ठ्या आणि नवऱ्याबद्दलची गाऱ्हाणीही कोठीत पडली. १८९६–९७ मध्ये केंब्रिजचे विद्वान सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतला मोठा भाग केंब्रिजला नेला. विद्वानांची झुंबड उडाली ती धर्म आणि काव्याच्या पानांवर. बाजारहाटाचे कागद बरीच वर्षे जवळजवळ तसेच पडून होते.

गोइटाइन त्यांच्याकडे वळले ते भारताच्या वाटेने. योसेफ लेब्दी या भारताशी व्यापार करणाऱ्या सौदागराच्या १०९७–९८ मधील एका दाव्याचे कागद त्यांना सापडले आणि अशा सौदागरांचे ‘भारत पुस्तक’ करायचे त्यांनी ठरवले. या सौदागरांपैकी सर्वांत जवळून भेटतो तो अब्राहम बिन यिजू. मूळचा ट्युनिशियातील महदियाचा. ११३२ ते ११४९ या काळात त्याचा मुक्काम मुख्यतः मंगळूर भागात होता आणि तेथे त्याचा काशाच्या भांड्यांचा कारखाना होता. १७ ऑक्टोबर ११३२ रोजी मंगळूर येथे त्याने आशू नावाच्या दासीला मुक्त केले. तीच त्याच्या मुलांची आई असावी असा तर्क आहे. एडनचा व्यापारी मदमून बिन हसन त्याला मालाबरोबर कागदही भेट पाठवी, कारण लिहिण्याजोगा कागद इकडे मिळत नसे. मदमूनच्या एका पत्रात तर मंगळूरच्या शेट्टी आणि वाणी मंडळींना भागीदारीचे निमंत्रण आहे. एडनला परतल्यावर बिन यिजूने भावांना लिहिले, की आपली मुलगी भावाच्याच मुलाला द्यायची आहे. पुढे लग्न तसेच झाले.

पण भारताचा व्यापार समजायचा तर आधी तो करणाऱ्यांचे घर समजले पाहिजे, हे ध्यानात आल्यावर गोइटाइन यांनी भारत पुस्तक बाजूला ठेवले. १९५७ मध्ये ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले आणि निवृत्तीनंतर प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत बसून लिहीत राहिले. ‘ए मेडिटरेनियन सोसायटी’ या ग्रंथाचे पाच खंड १९६७ ते १९८८ या काळात निघाले : अर्थव्यवहार, समाज, कुटुंब, रोजचे जीवन आणि व्यक्ती. लग्नातल्या रुखवताच्या याद्यांवरून तेव्हाच्या बायकांची वस्त्रे आणि दागिने त्यांनी ज्या बारकाईने वर्णिले आहेत, ते मुळातून वाचावे. टिपणांची त्यांची सुमारे २७ हजार कार्डे आजही अभ्यासकांच्या वापरात आहेत.

त्यांच्यावर आक्षेपही घेतले गेले. ज्यू आणि अरब यांच्या सहजीवनाचे त्यांचे चित्र फार सौम्य आहे आणि त्यांच्या व्यापाऱ्यांमध्ये विसाव्या शतकातला सुखवस्तू मध्यमवर्ग डोकावतो, असे म्हटले जाते. हे अगदीच खोटे नाही. मात्र या वादांसाठीही आधाराला घेतले जातात ते बहुधा त्यांनीच वाचून दिलेले कागद.

१९८३ मध्ये त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. पाचव्या खंडाचे हस्तलिखित प्रकाशकाकडे रवाना केल्यावर थोड्याच काळात प्रिन्स्टन येथे त्यांचे निधन झाले. भारत पुस्तक तेव्हाही अपुरेच होते. त्यांचे विद्यार्थी मॉर्डेखाय अकिवा फ्रीडमन यांनी ते पुरे केले आणि २००८ मध्ये त्याचा इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला. पहिले प्रकरण लेब्दीचे आहे.