शटरची खालची कड

सिंकखालच्या कपाटाचं शटर उघडा आणि त्याच्या अगदी खालच्या कडेवरून बोट फिरवा. समोरून चकचकीत असलेलं तेच लाकूड तिथे बहुतेक वेळा खरखरीत, कोरं लागतं. कुणाला दिसत नाही म्हणून पॉलिशचा ब्रश तिथवर गेलेलाच नसतो. ओघळून आलेला पाण्याचा थेंब मात्र नेमका तिथेच लोंबकळत राहतो.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाड जिवंत असताना याच नळ्यांतून पाणी वर चढायचं. चौकटीच्या शटरमध्ये उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं खाली येतात, म्हणजे नळ्यांची तोंडं उघडीच. सपाट अंगातून पाणी रेंगाळत शिरतं, या तोंडांतून ते सरसर वर चढतं.

आत गेलेलं पाणी आधी नळ्यांच्या भिंतींत मुरतं. तिथल्या सेल्युलोजला, म्हणजे भिंती ज्याच्या बनतात त्या तंतुमय द्रव्याला, ते चिकटतं, भिंती जाड होतात आणि लाकूड फुगतं. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के पाणी मुरलं की भिंतींची तहान भागते. पुढचं पाणी नळ्यांच्या पोकळीत साचतं. त्यानं वजन वाढतं, फुगवटा वाढत नाही. फुगणंही सगळीकडे सारखं नसतं. वाढीच्या वलयांना समांतर जेवढं, त्याच्या साधारण निम्मं गाभ्याकडून सालीकडे, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून शटर उंचीला तसंच राहतं, पण रुंदीला वाढून अडकतं, नाहीतर पिळवटतं.

अशा फुगलेल्या शटरच्या दुरुस्तीतला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे वाळवणं. पोपडे आलेलं पॉलिश आधी खरवडून काढा, नाहीतर वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. शटर बिजागरीतून सोडवून दोन्ही अंगांना वारा लागेल असं सावलीत ठेवा. हेअर ड्रायर नको. पृष्ठभाग आधी आकसतो, आतला ओला गाभा त्याला आकसू देत नाही आणि या ओढाताणीत लाकूड तडकतं. वाळलं हे कळायचं कसं? हाताला कोरडं लागणं हा पुरावा नव्हे. शटर दर दोन-तीन दिवसांनी वजनकाट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की झालं.

मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. ते सहज रुतलं तर बुरशीनं भिंतीच खाल्ल्या आहेत (तिला साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो). अशा जागी पुट्टी भरणं म्हणजे भुसभुशीत मातीत खुंटी ठोकणं. तेवढा तुकडा कापून नवा जोडावा. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डाची तऱ्हा निराळी: दाबून बसवलेला भुसा पाण्यानं मोकळा होऊन फुगतो आणि वाळला तरी पूर्ववत बसत नाही. तिथे कष्ट करण्यापेक्षा बोर्ड बदललेला बरा.

स्क्रूभोवतीचा काळा डाग म्हणजे लाकडातलं टॅनिन (एक तुरट द्रव्य) आणि लोखंड यांचं संयुग. जुन्या काळची काळी शाईही याच रसायनातून होत असे. तो खोल उतरलेला असतो, त्यामुळे घासून सहसा हटत नाही. ऑक्झॅलिक आम्लाचं पातळ द्रावण त्यातल्या लोखंडाला विरघळवतं. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच, नंतर पाण्यानं नीट पुसून पुन्हा वाळवणंही आलं.

पॉलिशपेपर १२०, मग १८०, मग २२० नंबरचा, लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच फिरवा. मध्ये एकदा ओलं फडकं फिरवून वाळू दिलं तर दबलेले तंतू उभे राहतात आणि शेवटच्या हातात निघून जातात. पॉलीयुरेथेनचे (हेही एक प्रकारचं पॉलिशच) थर पातळ द्या, आणि आतून-बाहेरून सारखेच. कुठलंही पॉलिश दमट हवेला पुरतं अडवत नाही, फक्त तिचा वेग कमी करतं. एकच बाजू रंगवली तर दुसरी जास्त पिते आणि शटर वाकतं.

आता शटर उलटं उभं करून खालची कड वर घ्या. पहिला थर ती बघता बघता पिऊन टाकते, पुन्हा कोरीच्या कोरी. दुसराही बराचसा गायब होतो. ब्रशची ओल वर तरंगून चकाकायला लागेपर्यंत देत राहा.